एका नावाच्या चौघी

आईच्या अंगावर मागच्या बाजूला एकही काटा नाही, आणि तिच्या पोटी आलेल्या लेकीला तिथेच दोन लांब, टोकदार काटे. दोघींची जनुकं एकसारखी, कारण लेकीला बापच नाही; आईने एकटीने तिला जन्म दिला. मग फरक कशाने पडला? लेक अंड्याच्या रूपात आईच्या शरीरात होती, तेव्हा त्या पाण्यात एक शिकारी वावरत होता. एवढंच.

ही मायलेकींची जोडी ब्रॅकियोनस कॅलिसिफ्लोरस या प्राण्याची. रोटिफर म्हणतात त्या गटातला हा प्राणी गोड्या पाण्यात राहतो. शेवाळाने हिरवट झालेल्या एखाद्या तळ्याचं पाणी बारीक जाळीतून गाळून त्यातला थेंब मायक्रोस्कोपखाली धरला, तर तो भेटण्याची शक्यता बरीच. लांबी साधारण पाव मिलिमीटर. पारदर्शक कवच, कवचाच्या पुढच्या काठावर चार काटे, मागे आत ओढून घेता येणारा एक पाय. डोक्याभोवती सूक्ष्म रोमांचं कडं असतं आणि हे रोम एकामागून एक असे हलतात की दोन चाकं गरागरा फिरताहेत असा भास होतो. त्या लयीने पाण्यात भोवरा तयार होतो, एकपेशीय शेवाळ तोंडाकडे ओढलं जातं, आणि आतला जबडा अखंड चावत राहतो. कवचातून तो आरपार दिसतो. मेंदू आहे, लाल डोळा आहे, जठर आहे, अंडाशय आहे. हे सगळं मिळून सुमारे हजार पेशींचं. शाळेच्या पुस्तकातला पॅरामेशियम आठवा. तो एकपेशीय जीव जवळपास याच मापाचा. जेवढ्या जागेत तिथे एकच पेशी मावते, तेवढ्याच जागेत इथे मेंदूपासून जबड्यापर्यंत सगळा संसार मांडलेला आहे. याचं नवल मला कधी कमी वाटलेलं नाही.

आता लेकीच्या त्या मागच्या काट्यांविषयी. ब्रॅकियोनसची शिकार करणारा ॲस्प्लँक्ना हादेखील रोटिफरच, पण आकाराने बराच मोठा आणि मऊ पिशवीसारखा. समोर आलेला ब्रॅकियोनस तो अख्खा गिळतो. त्याच्या अंगातून पाण्यात काही रसायन सुटतं. ते आईच्या शरीरातल्या अंड्यापर्यंत पोचतं आणि पुढच्या पिढीची घडण बदलते. द बोशां या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने हा संबंध १९५२ साली दाखवला, आणि जॉन गिल्बर्ट यांनी १९६६मध्ये त्यामागचं कारण प्रयोगांनी पक्कं केलं. हे काटे मुळाशी हलू शकतात. शिकाऱ्याचा स्पर्श होताच ब्रॅकियोनस डोकं आत ओढून घेतो, त्यामुळे कवचातल्या द्रवाचा दाब वाढतो आणि दोन्ही काटे बाहेरच्या बाजूला ताठ उघडतात. मग ॲस्प्लँक्नाला तो घास गिळता येत नाही. आईने स्वतः कधी न वापरलेलं शस्त्र लेक जन्मतःच घेऊन येते.

निसर्गाचा अभ्यास करणाऱ्याला हे पाहून आनंद होतो, पण प्रजाती ओळखून तिला नाव देणं हे ज्याचं काम, त्याची यात मोठी अडचण होते. या मायलेकी शेजारी शेजारी ठेवल्या तर कोणीही सांगेल की या दोन वेगळ्या प्रजाती आहेत. तसं सांगितलंही गेलं.

ब्रॅकियोनस कॅलिसिफ्लोरस हे नाव १७६६ सालचं. ते दिलं पेटर सिमोन पालास या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाने, वयाच्या पंचविशीत. पुढे हाच पालास सायबेरियाभर हिंडला. मध्य आशियातलं एक दाट केसांचं रानमांजर आजही त्याच्या नावाने ओळखलं जातं. त्याच्यानंतरच्या दीडदोनशे वर्षांत मायक्रोस्कोपची भिंगं सुधारत गेली, आणि ज्याला जिथे जरा वेगळा काटा, जरा रुंद कवच दिसलं त्याने तिथे नवं नाव दिलं. फिलिप हेन्री गॉस या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने १८५१मध्ये असंच एक नाव दिलं होतं: ब्रॅकियोनस डॉर्कस. मग विसाव्या शतकात काटे परिस्थितीनुसार येतात-जातात हे लक्षात आल्यावर पारडं दुसरीकडे झुकलं. इतकी नावं कशाला, ही सगळी एकाच प्रजातीची रूपं आहेत, असं ठरलं. गॉसचं डॉर्कसही प्रजातीच्या पदावरून खाली उतरलं आणि कॅलिसिफ्लोरसचा एक प्रकार म्हणून उरलं.

या एकत्रीकरणाला आणखी एका समजुतीचा आधार होता. इतके बारीक जीव वाऱ्याबरोबर, बदकांच्या पायांना चिकटून, कुठूनही कुठेही जातात, म्हणून जगभरच्या तळ्यांत तेच ते असणार. हत्ती आफ्रिकेतला वेगळा आणि आशियातला वेगळा, हे सहज पटतं. पण पाव मिलिमीटरच्या प्राण्याला कसली आली सरहद्द? तेव्हा हे म्हणणं वाजवी होतं, आणि पुस्तकांत ब्रॅकियोनस कॅलिसिफ्लोरसपुढे ‘जगभर आढळतो’ असं लिहिलं जाऊ लागलं.

पण मत्स्यशेती करणाऱ्यांच्या टाक्यांत शंकेला जागा निर्माण झाली होती. याच वंशातला, खाऱ्या-मचूळ पाण्यात राहणारा ब्रॅकियोनस प्लिकॅटिलिस माशांच्या नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांचं पहिलं अन्न म्हणून जपानमध्ये आणि मग जगभर वाढवला जाऊ लागला. पिल्लाचं तोंड केवढं आणि घास केवढा, यावर तिथे नफा-तोटा ठरतो. त्यामुळे वाढवणाऱ्यांना लवकरच कळलं की यात मोठ्या मापाचा एक प्रकार आहे आणि लहान मापाचा एक, आणि खाणं-पाणी बदलूनही मोठ्याचा लहान होत नाही. पुढे जनुकं तपासली गेली तेव्हा ही एक प्रजाती नसून निदान पंधरा प्रजातींचा गोतावळा आहे असं २०१७मध्ये मांडलं गेलं. त्यातल्या कित्येक एकमेकींपासून लाखो वर्षांपूर्वीच वेगळ्या झालेल्या आहेत. दिसायला मात्र इतक्या सारख्या की नुसत्या नजरेने निवाडा देणं अवघड.

म्हणजे नजर दोन्हीकडून फसते. एकाच प्रजातीची अनेक रूपं असतात, आणि एकाच रूपाआड अनेक प्रजाती असतात. गोड्या पाण्यातल्या कॅलिसिफ्लोरसच्या बाबतीत तर या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या निघाल्या.

हा गुंता कसा सोडवतात ते जवळून पाहण्यासारखं आहे. जाळीने गाळलेलं पाणी बशीत घेतात. कमी शक्तीच्या मायक्रोस्कोपखाली बघत, टोक ओढून केसासारखी बारीक केलेल्या काचेच्या नळीने एकच मादी अलगद उचलतात आणि तिला स्वच्छ पाण्याच्या छोट्या खळग्यात एकटी सोडतात. खायला हिरवं एकपेशीय शेवाळ. उबदार पाण्यात दिवस-दोन दिवसांत ती अंडी घालते, त्यातून लेकी निघतात, लेकींना लेकी होतात. नराची गरज नाही. काही आठवड्यांत एका मादीपासून शेकडो माद्यांचा वंश तयार होतो आणि त्यातली प्रत्येक जनुकांनी तीच असते. प्रजाती ओळखणाऱ्याला याहून मोठं वरदान नाही. वाघाची जनुकं तपासायला एक थेंब रक्त पुरतं. या प्राण्याची गोष्ट वेगळी, त्याला अख्खा विरघळवावा लागतो, आणि विरघळवला की त्याचे काटे मोजता येत नाहीत. पण बहिणींचा एवढा मोठा कुटुंबकबिला हाताशी असला तर काहींना जनुकांसाठी द्यायचं, काहींना मापांसाठी, काहींना पुढच्या प्रयोगांसाठी जिवंत ठेवायचं. जे एकीचं तेच सगळ्यांचं.

एका प्राण्यात डीएनए असतो तरी किती? अगदी नगण्य. म्हणून हवा तेवढा तुकडा निवडून त्याच्या प्रती काढतात. कॅरी मुलिस यांनी १९८३मध्ये शोधलेली ही पीसीआरची पद्धत करोनाच्या साथीत घराघरांत पोचली. प्रत्येक फेरीत प्रती दुप्पट होतात. तीस फेऱ्या नीट पार पडल्या तर एका तुकड्याच्या सुमारे १०७ कोटी प्रती होतात. प्राणी ओळखण्यासाठी बहुतेक वेळा जो तुकडा निवडतात त्याचं नाव सीओ-१. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियामधलं हे जनुक. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाचे पॉल हेबर्ट यांनी २००३मध्ये सुचवलं की या जनुकातला साडेसहाशेच्या आसपास अक्षरांचा एक ठरावीक तुकडा प्रत्येक प्राण्याचा बारकोड म्हणून वापरावा. योगायोग असा की हेबर्ट यांची आधीची कितीतरी वर्षं डॅफ्नियात गेलेली, म्हणजे तळ्यातल्या पाणपिसवांच्या अभ्यासात. ज्याने सूक्ष्म प्राणी ओळखताना डोळे शिणवले, त्यालाच असा उपाय सुचावा हे मला अगदी स्वाभाविक वाटतं.

कॅलिसिफ्लोरसला हा बारकोड लावला आणि गोष्ट सुटण्याऐवजी आणखी अडली. २०१६मध्ये पापाकोस्टास आणि सहकाऱ्यांनी जे निष्कर्ष मांडले त्यांत मायटोकॉन्ड्रियाचं जनुक पंधराच्या आसपास गट दाखवत होतं. पेशीकेंद्रातल्या आयटीएस-१ नावाच्या तुकड्याने मात्र चारच गट दाखवले. आणि हे पंधरा त्या चारांत नीट वाटलेही जात नव्हते. मायटोकॉन्ड्रियाच्या हिशेबाने सख्ख्या असलेल्या दोघी पेशीकेंद्राच्या हिशेबाने परक्या निघत होत्या.

यातलं खरं कोण? दोन्ही खरी आहेत, फक्त दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगताहेत. मायटोकॉन्ड्रिया आईकडून लेकीकडे जातात, बापाचा त्यात वाटा नसतो. समजा, सासरी जाऊनही बाई माहेरचंच आडनाव लावते आणि तेच आपल्या लेकीला देते, लेक तिच्या लेकीला. दहा पिढ्यांनंतरच्या मुलीचं घर, बोली, रीतभात, तोंडवळा सगळं सासरच्या गावचं झालेलं असेल, तरी आडनाव मात्र त्या दूरच्या पणजीच्या माहेरचंच असेल. नुसतं आडनाव वाचून तिला त्या गावची ठरवलं तर चुकेल. रोटिफरांच्या बाबतीत नेमकं हेच घडलं होतं. कधीकाळी एका प्रजातीची मादी आणि दुसऱ्या प्रजातीचा नर यांचा संकर झाला, संकरातून जन्मलेल्या लेकी पुन्हा पुन्हा बापाच्या प्रजातीत मिसळल्या, आणि मायटोकॉन्ड्रिया तेवढे पहिल्या प्रजातीचे शिल्लक राहिले.

आता कोणी विचारेल, बापाविना लेकी होतात तर हा नर आला कुठून? गर्दी वाढली की येतो. तळ्यात माद्यांची दाटी झाली की पाण्यात त्यांचंच एक रसायन साठत जातं आणि काही माद्यांच्या पोटी वेगळ्या लेकी होतात. या लेकी घालतात त्या अंड्यांत गुणसूत्रांचा अर्धाच संच असतो. तशा अंड्याचा संयोग झाला नाही तर त्यातून नर निघतो. हा नर आकाराने खुजा असतो, त्याला काम करणारी अन्ननलिकाच नसते, आणि जन्मल्या क्षणापासून तो मादीच्या शोधात वेगाने पोहत सुटतो. मादीला स्पर्श झाला की तिच्या अंगावरच्या विशिष्ट प्रथिनांवरून तो आपली-परकी ओळखतो. संयोग झाला तर जाड कवचाचं सुप्त अंडं तयार होतं. ते गाळात उतरतं आणि तळं आटलं, गोठलं, वर्षं उलटली तरी टिकून राहतं. आपली-परकी ओळखण्यात नराची क्वचित चूक होते, आणि त्या चुकीची नोंद मायटोकॉन्ड्रियांत पिढ्यान्‌पिढ्या राहते. एका घटकाभराच्या गफलतीचा पुरावा हजारो पिढ्यांनंतरच्या लेकींमध्ये वाचता येतो, ही गोष्ट मला त्या शोधातल्या नव्या प्रजातींइतकीच मोठी वाटते.

एका जनुकाचे पंधरा, दुसऱ्याचे चार. या पेचातून वाट निघाली ती पुन्हा मायक्रोस्कोपपाशीच. ग्रीस, नेदरलँड्स आणि चेक प्रजासत्ताकातल्या संशोधकांनी एव्हान्जेलिया मिखालूदी यांच्या पुढाकाराने उलटी दिशा धरली. एरवी आधी रूप पाहून प्रजाती मांडतात आणि मग जनुकांची साक्ष काढतात. त्यांनी आधी जनुकांवरून गट पाडले आणि मग प्रत्येक गटातल्या माद्यांच्या अंगाचं मोजमाप केलं: कवचाची लांबी-रुंदी, पुढच्या चार काट्यांची लांबी, दोन काट्यांमधलं अंतर. एकेकटं माप पाहिलं तर सगळं एकमेकांत मिसळलेलं दिसतं. सगळी मापं एकत्र घेऊन गणित मांडलं, तेव्हा पेशीकेंद्राने सांगितलेले चार गट अंगावरही उमटलेले दिसले. मायटोकॉन्ड्रियाच्या पंधरांना तसा आधार मिळाला नाही.

२०१८मध्ये या चौघींना रीतसर स्वतंत्र स्थान मिळालं. ब्रॅकियोनस कॅलिसिफ्लोरस हे पालासचं जुनं नाव एकीला राहिलं. ब्रॅकियोनस एलिव्हेटस आणि ब्रॅकियोनस फर्नांडोई ही दोन नावं नवी. आणि चौथी? चौथी ब्रॅकियोनस डॉर्कस. गॉसने १८५१मध्ये, जनुक हा शब्दही कोणाला ठाऊक नसताना, नुसत्या भिंगातून पाहून जिला वेगळी म्हटलं होतं ती. मधल्या काळात तिचं पद काढून घेतलं गेलं, आणि १६७ वर्षांनी डीएनएच्या साक्षीने ते परत मिळालं. भिंगाला डोळा लावून बसलेल्या त्या माणसाच्या नजरेला मी मनापासून दाद देतो.

चार प्रजाती निघाल्या म्हणजे नुसती चार नावं वाढली असं नाही. पाण्यात विषारी द्रव्यं किती आहेत हे पाहण्यासाठी जगभरच्या प्रयोगशाळा ब्रॅकियोनस कॅलिसिफ्लोरस वापरतात. त्याची सुकवलेली सुप्त अंडी कुपीत मिळतात. पाणी घालून उबेत ठेवली की दिवसाच्या आत पिल्लं बाहेर, आणि तपासायचं पाणी त्यांच्यावर आजमावायचं. पण कुपीत नक्की कोणती आहे? जर्मनीत पोट्सडॅमला झालेल्या प्रयोगांत कॅलिसिफ्लोरसने वाढतं तापमान चांगलं सोसलं, फर्नांडोईला ते सोसवलं नाही. उष्णतेत दोघींचं वागणं इतकं वेगळं होतं, तर विषाच्या बाबतीत त्या सारख्याच वागतील असं गृहीत कसं धरायचं? तळ्यांचं पाणी तापत चाललेलं असताना कोणती टिकेल आणि कोणती जाईल, हेही चौघींना एकच समजून कळलं नसतं.

रोटिफर ओळखण्याची आणखी एक खूण त्यांच्या घशात असते: जबडा. तो कायटिनचा असतो, माप मिलिमीटरचे काही शतांश, आणि त्याचे लहान लहान अनेक भाग एकमेकांत बसवलेले असतात. तो बाहेर काढायचं तंत्र पाहताना डोळ्यांवर विश्वास बसत नाही. काचपट्टीवर प्राणी ठेवून त्याच्या शेजारी कपडे पांढरे करायला वापरतात त्या ब्लीचच्या द्रावाचा बारीक थेंब सोडतात. मायक्रोस्कोपमधून पाहता पाहता शरीर विरघळत जातं, कवच विरतं, आणि मोकळ्या पाण्यात जबडा तेवढा शिल्लक राहतो. मग पाण्याच्या हलक्या धारांनी तो धुवायचा आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली न्यायचा. धुताना हात किंचित हलला, तर धुळीच्या कणाहून लहान असलेला तो जबडा गेला तो गेलाच.

जबड्यांनी एकदा तर प्राणिसृष्टीची मोठी ओळख बदलली. ग्रीनलंडच्या पश्चिमेला डिस्को बेटावर एक थंड झरा आहे. तिथल्या शेवाळात १९९४ साली जेमतेम एक दशांश मिलिमीटर लांबीचा एक प्राणी सापडला. त्याचा जबडा इतका गुंतागुंतीचा की तो कोणत्याच ज्ञात गटात बसेना. क्रिस्टेन्सन आणि फुंक या डॅनिश शास्त्रज्ञांनी २०००मध्ये त्याचं लिम्नोग्नाथिया मायर्स्की असं बारसं केलं आणि त्याच्यासाठी एक वेगळा गटच मांडला. पुढे जनुकांनीही सांगितलं की हा रोटिफरांच्या नात्यातला, पण स्वतंत्र. आजवर त्याच्या माद्याच दिसल्या आहेत. नंतर तो पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, दक्षिण हिंदी महासागरातल्या क्रोझे बेटांवरही मिळाला. दोन ध्रुवांकडची दोन बेटं, आणि मध्ये एवढं मोठं जग!

माद्याच दिसतात असा याहून मोठा गट म्हणजे डेलॉइड रोटिफर. साडेचारशेच्या आसपास प्रजातींना नावं दिली गेली आहेत आणि एकीतही नर कधी कोणाला दिसलेला नाही. अँटनी व्हान लेव्हेनहूकने १७०२मध्ये छपराच्या पन्हळीतल्या कोरड्या गाळावर पाणी घालून जे जीव पुन्हा हलताना पाहिले, ते हेच. ईशान्य सायबेरियातल्या अलाझेया नदीकाठच्या गोठलेल्या मातीतून काढलेला असाच एक रोटिफर सुमारे २४,००० वर्षांनी जागा झाला आणि प्रयोगशाळेत त्याचा वंशही वाढला. ही नोंद २०२१ची.

डेलॉइडांनी प्रजाती या कल्पनेलाच आव्हान दिलं. आपसांत संयोग होऊन ज्यांची संतती पुढे चालते ती एक प्रजाती, असं आपण शिकलो. जिथे संयोगच नाही, तिथे प्रत्येक मादी आणि तिच्या लेकी हा एक सुटा धागा. मग अशा धाग्यांची वेगवेगळ्या जुड्यांत विभागणी कशी होणार? सगळा एकसलग पसारा व्हायला हवा. दिएगो फोंतानेतो आणि सहकाऱ्यांनी २००७मध्ये डीएनए आणि जबड्यांचे आकार एकत्र मांडून दाखवलं की पसारा एकसलग नाही, ठळक वेगवेगळे पुंजके आहेत. त्यांनी दिलेलं एक उदाहरण मी विसरू शकत नाही. ॲसेलस नावाचा, सेंटिमीटरभर लांबीचा कवचधारी प्राणी गोड्या पाण्यात तळाशी सरपटत असतो. त्याच्या अंगावर दोन प्रकारचे डेलॉइड बिऱ्हाड करून राहतात. एक पायांभोवती, दुसरा छातीपाशी. दोघे जवळच्या नात्यातले, एकाच यजमानाच्या अंगावरचे, मध्ये अंतर मिलिमीटरचं. तरी दोघांची शरीरं वेगळ्या मापाची, जबडे वेगळ्या घडणीचे, डीएनए वेगळा. छातीपाशी जगायला जे लागतं ते पायांपाशी लागत नाही, आणि एवढ्याशा फरकाने दोन प्रजाती घडवल्या. डोंगर किंवा समुद्र मध्ये यावा लागला नाही.

महाराष्ट्रात हे काम कुठवर आलं आहे? पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत सुरेंद्र घासकडबी आणि सहकाऱ्यांनी इथल्या गोड्या पाण्यातल्या हायड्राची ओळख बांधा आणि जनुकं अशा दोन्ही अंगांनी पटवली आणि २०११मध्ये प्रसिद्ध केली. तो आता हायड्रा व्हल्गॅरिस इंड-पुणे या नावाने प्रयोगांत वापरला जातो. सह्याद्रीच्या सड्यांवर पावसाळ्यात कातळाच्या खळग्यांत जी डबकी साचतात, त्यांतून २०१४मध्ये एका परीकोळंबीचं वर्णन झालं, स्ट्रेप्टोसेफॅलस सह्याद्रिएन्सिस. ती डोळ्यांना दिसण्याएवढी असते, पण तिची सुप्त अंडी सूक्ष्मच. आणि ब्रॅकियोनस कॅलिसिफ्लोरस? आपल्या तळ्यांच्या, धरणांच्या पाहण्यांत आणि विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत हे नाव पुन्हा पुन्हा येतं, बहुतेक वेळा सांडपाणी मिसळून पोषकद्रव्यं वाढलेल्या पाण्याची खूण म्हणून. यातल्या बऱ्याच नोंदी चार प्रजाती एकच मानल्या जात तेव्हाच्या आहेत. त्या पुन्हा तपासाव्या लागतील, आणि हे काम कोणा परदेशी प्रयोगशाळेची वाट न पाहता इथल्या महाविद्यालयांतून होण्यासारखं आहे.

अडचण बाटल्यांची आहे. जुने नमुने बहुधा फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेले. फॉर्मॅलिनने काटे, कवच शाबूत राहतं, पण डीएनएचे तुकडे पडतात. अल्कोहोलमध्ये डीएनए सुखरूप राहतो आणि मऊ शरीर आक्रसतं. डेलॉइड तर दोन्हींत गोळा होऊन बसतात. त्यांना जिवंत, सरपटतानाच ओळखावं लागतं. म्हणून आता एकाच जाळीतलं पाणी तीन ठिकाणी वाटतात: एक भाग फॉर्मॅलिनला, एक अल्कोहोलला, एक तसाच जिवंत, वंश वाढवण्यासाठी. तळं आटलेलं असलं तरी हात रिकामे राहत नाहीत. मे महिन्यात कोरड्या खळग्यातली मूठभर माती खरवडून आणायची आणि प्रयोगशाळेत पाणी घालून उजेडात ठेवायची. आत सुप्त अंडी असली तर ती काही दिवसांत उबतात, आणि त्यातली एक मादी काचेच्या नळीने उचलून कामाला सुरुवात करता येते.